वरचीच ओळ

सोपानदादाच्या छातीत कळ आली, तेव्हा दूध संघाची गाडी कुणी का काढली नाही? दादा गेला, पण त्याच्या धाकट्या भावाला, हणमंताला, कुणी उत्तर दिलं नाही. दादानंच उभारलेल्या संघाच्या संगणक कक्षाच्या फलकावर मात्र अध्यक्ष दिगंबरराव सगळ्या पदव्यांसकट झळकले.

चौथी नापास हणमंता फलकासमोर भरलेल्या सभेत थेट घुसला. “दादाचं नाव कुठाय?”

“फलकावर एकच ओळ लिहायचा ठराव आहे, बाळा. ओळ भरली.”

“तुमच्या पदव्यांनी ईमेलच्या डोक्यावरची, पाठवणाऱ्याच्या नावाची ओळसुद्धा भरायची. मेल परत यायचे. तेव्हा दादानं काय केलं?”

कारकून पुटपुटला, “ओळ मोडून उरलेली खाली घेतली. खालच्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडली, की यंत्र तिला वरचीच ओळ धरतं.”

“मग दादाचं नावही तसंच घ्या.”

“त्या दोन ओळी होतात!” अध्यक्ष गुरगुरले.

“असं? म्हणजे इतकी वर्षं मेलमधल्या निम्म्या पदव्या तुमच्या नव्हत्याच म्हणा की, साहेब!”

हसू दाबताना सभेला एकदम खोकला आला. अध्यक्ष घाईनं म्हणाले, “एकच ओळ! एकच धरा!”

हणमंतानं फलकाशी उभ्या रंगाऱ्याच्या हातातला ब्रश ओढला. पदव्यांखालच्या ओळीत सुरुवातीला बोटभर जागा मोकळी सोडली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत दादाचं नाव लिहिलं.