शेजारच्या वाडग्याची बहारात

ऐका बाळांनो, सावकाश सांगतो.

तुर्कांच्या मुलखात, जांभळ्या डोंगराच्या कुशीत, एक इवलंसं घर होतं. तिथं गुलसुम आणि तिची आई राहायच्या. आई बहारात कुटायची. बहारात म्हणजे तिकडचा रोजचा मसाला. मिरी, जिरं, धणे, दालचिनी आणि वाळलेला पुदिना. चिमूटभर पडली की मसुराचं साधं कढणसुद्धा घमघमायचं.

पण आईला ताप आला, आणि जाताना तिची चव नि वास घेऊन गेला. घास तिला मातीसारखा लागायचा. जेवण सुटलं. आई दिवसेंदिवस सुकत चालली.

गुलसुमनं स्वतः बहारात केली. सगळं एकत्र भाजलं, कुटलं. ती झाली कडू. शेजारची सबिहामावशी कुंपणापलीकडून चाखून म्हणाली, "ही बहारात गं, की चुलीतली राख?"

गुलसुम घागर घेऊन झऱ्यावर गेली. येताना पाहते तर वाटेवर पुदिन्याचं एकुलतं एक रोपटं मान टाकून बसलेलं. चढण मोठी होती, तरी तिनं निम्मी घागर त्याच्या मुळाशी ओतली.

पानापानांतून हिरवा उजेड झिरपला. बोटाएवढी परी वर आली. कांद्याच्या पापुद्र्यासारखे तिचे पंख, आणि केसांत दवाचे चिमुकले मणी.

"काय हवं तुला?"

"आईनं जेवावं."

परीनं तिच्या तळहातावर चमचमत्या चुऱ्याची एक चिमूट ठेवली. "ही ज्या भांड्यात पडेल, त्यातली चव जागी होईल. पण स्वतःच्या घरच्या भांड्यात टाकायची नाही."

"मग आईला कशी मिळेल?"

परी नुसती हसली.

घरी कढण रटरटत होतं. गुलसुमची मूठ त्यावर किती वेळ थांबली, काय सांगू. बघणारं कुणी नव्हतं. पण परीनं घातलेली अट होती. ती मागे फिरली.

कुंपणापलीकडे सबिहामावशी एकटीच बसली होती. तिच्या पातेल्यात पाणी, मीठ आणि डाळीचे चार दाणे.

"मावशी, तुमच्या कढणात थोडं घालू?"

"राख ना? घाल. यात बिघडायचं काय राहिलंय?"

चिमूट पडली. सोनेरी वाफ उठली. मावशीनं एक घोट घेतला आणि पातेलं चुलीवरून उतरवलं. मग फळीवरून एक निळं वाडगं काढलं.

"हे तुझ्या आईचं. मागं भरून पाठवलं होतं तिनं. शेजारचं वाडगं रिकामं कसं परत करायचं? घालायला काही नव्हतं, म्हणून तिला बघायलाही आले नाही मी."

वाडगं काठोकाठ भरून मावशी स्वतः आली. आईनं एक चमचा घेतला. मग दुसरा. वाडगं संपलं, तशी तिनं मान वळवली आणि कोपऱ्यातल्या बहारातच्या डब्याकडे हुंगत म्हणाली, "गुलसुम, पुदिना भाजलास होय गं? वेडाबाई, तो शेवटी हातानं चुरायचा असतो."

गुलसुम रडता रडता हसली.

खिडकीत पंखांची हिरवी लुकलुक झाली, उजेड दाटला, आणि परी त्यात विरघळून गेली. मागं राहिला पुदिन्याचा वास.

ते निळं वाडगं अजून दोन्ही घरांत फिरतंय म्हणतात. भरलेलंच.