पहिला काप

"आप्पा, बारा मार्कांसाठी अख्खं वर्ष घालवायचं का?"

आप्पा हिरडा निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आप्पा म्हणजे शिवमूर्ती आप्पा स्वामी, औशाच्या पेठेतले वैद्य. वय अठ्ठ्याहत्तर. विचारणारी प्रणिता बिराजदार, समोरच्या गिरणीवाल्यांची थोरली. आणि मी महालिंग. तीस वर्षं आप्पांच्या हाताखाली औषध कुटतोय, आणि अजून माझं काही ना काही चुकतंच.

"नीट सांग," आप्पा म्हणाले.

"फार्मसीला तीन विषयांत मिळून पंचेचाळीस टक्के लागतात. माझे एक्केचाळीस झालेत. श्रेणीसुधारचा फॉर्म भरला तर बारावीची परीक्षा परत देता येते. परवा शेवटची तारीख आहे."

"मग भर की."

"भरते. पण अभ्यास एकट्या जीवशास्त्राचा करणार. तिथनंच बारा मार्क ओढते. रसायनशास्त्र आहे तसं राहू दे, त्याच्याकडं मी बघणारच नाही."

"औषधाचं शिकायचं आणि रसायनाकडं बघायचं नाही," मी म्हणालो. "झ्याक आहे."

"महालिंगकाका, तुम्ही गप बसा."

मी गप बसलो. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून आमच्याकडं पुड्यांचे कागद कापायला यायची. तेव्हापासून तिला औषधवालीच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. तिचा निकाल लागला त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. पण हे तिला कशाला सांगा.

आप्पांनी कपाटातनं सितोपलादीची बाटली काढली. गुळगुळीत कागदावर चूर्ण ओतलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

"सरूबाईच्या नातवाला खोकला झालाय. आठ दिवसांचं औषध, सकाळ-संध्याकाळ. बांध सोळा पुड्या."

"तराजू?"

"तराजू नको."

आमच्याकडची रीत अशी की चूर्णाची लांब पट्टी पसरायची आणि खेळायच्या पत्त्यानं मधोमध कापायची. त्या दोन भागांचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. त्यासाठी चौकटची नव्वी आहे, माझ्याही आधीपासनं आहे. बाकीचे पत्ते कुठं गेले ते आप्पाच जाणोत.

प्रणितानं पत्ता घेतला आणि सपासप कापलं. हात झरझर चालत होता, बघायला बरं वाटत होतं. शेवटी सोळा ढीग झाले. तिनं एकदा सगळ्यांवरनं नजर फिरवली... आणि थांबली.

उजवीकडचे ढीग बारके दिसत होते.

तिनं आमच्याकडं चोरून बघितलं. मग डावीकडच्या एका ढिगातली चिमूट उचलून उजवीकडं टाकली. दुसऱ्यातली उचलली, तिसऱ्यातली उचलली. सोळा पुड्या बांधून आप्पांपुढं मांडल्या.

आप्पांनी एकेक पुडी तळहातावर धरली. पाचवी शेजारच्यांपेक्षा हलकी लागली, तिथं ते थांबले.

"ह्यातनं चिमूट काढलीस?"

"...हो."

"का?"

"शेवटच्या कमी पडत होत्या."

"मग तिसऱ्या दिवशी पोरानं कमी औषध खायचं?"

आप्पांनी पुडी खाली ठेवली.

"काप कुठं चुकला?"

"शेवटचा. सोळा करताना."

"बघ बरं."

ती पुड्यांकडं बघत राहिली. ती पाचवी सोडली तर एका बाजूच्या सगळ्या जाड, दुसऱ्या बाजूच्या आठ बारीक. चिमटी टाकून टाकूनही ते लपलं नव्हतं.

"पहिला," ती हळूच म्हणाली. "पहिलाच काप मधोमध पडला नाही."

"आणि रसायनशास्त्राचा?"

प्रणितानं पत्ता कागदावर ठेवला.

"अकरावीला," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात मोल हे मोजायचं एकक शिकवलं. मोल म्हणजे काय ते मला कळलंच नाही, आप्पा. पुढचं सगळं त्याच्यावर होतं. मी नुसतं पाठ करत गेले."

"विचारलं नाहीस?"

"दहावीला मी शाळेत पहिली आले होते. चौकात माझा फोटो लावला होता. पहिल्या आलेल्या पोरीनं काय विचारायचं..."

मला वाटलं आता आप्पा दोन शब्द मायेचे बोलतील.

आप्पांनी सोळाच्या सोळा पुड्या सोडल्या आणि सगळं चूर्ण परत कागदावर एकत्र ओतलं.

"आप्पा, माझी सगळी मेहनत..."

"औषध सांडलं का?"

"नाही."

"कमी झालं?"

"नाही."

"मग पसर."

तिनं डोळे पुसले आणि पट्टी पसरली. ह्या खेपेला पहिल्या कापाआधी ती पत्ता हातात धरून किती वेळ नुसती बघत बसली होती. मला चहा करून आणायला वेळ मिळाला. पुड्या झाल्या, आप्पांनी हातावर तोलल्या, आणि त्यातली एकही सोडली नाही.

"फॉर्म उद्या भरते," ती म्हणाली. "तिन्ही विषयांचा अभ्यास करते. पण मोल... आता कुणाला विचारू? शेळके सरांच्या क्लासला अकरावीची पोरं बसतात. माझी धाकटी बहीण पण तिथंच आहे. सगळे हसतील. सर म्हणतील, बारावी झालेली पोरगी अकरावीचं विचारायला आली."

"म्हणतील," आप्पा म्हणाले.

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले, त्यांना वेळ लागतो. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली.

"आप्पा, कुठं निघालात?"

"चल."

"सरांना माझ्यासाठी सांगू नका, आप्पा. मला आणखी लाज वाटेल."

आप्पा पायरी उतरलेसुद्धा. प्रणिता मागं पळाली. दवाखाना सांभाळ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा मीही कडी लावून निघालो.

शेळके सरांच्या माडीवर क्लास भरला होता. सतरंजीवर वीसेक पोरं, फळ्यावर कसलीशी आकडेमोड. बहीण दुसऱ्या रांगेत होती, तिनं ताईला बघून तोंडावर वही धरली. आप्पांना दारात बघून सर खडू टाकून पुढं आले. त्यांच्या आईचा दमा आप्पांनीच सांभाळला होता, ते पाया पडायला वाकले.

आप्पांनी त्यांना वाकू दिलं नाही. चपला बाहेर काढल्या, आत गेले, आणि शेवटच्या रांगेत एका पोराशेजारी मांडी घालून बसले. शेजारची सतरंजी हातानं झटकून प्रणिताला जागा केली.

सगळी पोरं वळून बघत होती. प्रणिता दारातच उभी होती. मग ती आत आली आणि आप्पांच्या शेजारी बसली.

आप्पांनी हात वर केला.

"सर," ते म्हणाले, "मोल म्हणजे काय? आम्हा दोघांचं तिथं अडलंय."