वजरीनं घासलेल्या टाचा

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून वसईच्या एका गावात पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी ते बारा जण ट्रस्टी बावतीस लोपीस यांनी निवडले, स्वतःसकट, आणि सगळे कसे, तर खानदानी! आयत्या वेळी एकजण आलाच नाही. मिठागरातून थेट आलेला पास्कू त्या रिकाम्या खुर्चीवर टेकला, तसे बावतीस गरजले, "ऊठ! हे चिखलाचे पाय घेऊन इथं बसतोस? येशू म्हणजे साक्षात देव! त्याचा काही मान ठेवशील की नाही?"

पास्कू खाली मान घालून उठला. बावतीसांची बायको रेमेत हिच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. ती भर चर्चमध्ये उभी राहिली.

"अहो, तुमच्या टाचा सकाळी मीच वजरीनं घासल्यात. हे बाकीचेही घरून साबण लावून आलेत. साक्षात देव गुडघ्यांवर आला, तो काय धुतलेले पाय धुवायला? त्याच्यासाठी थोडा तरी मळ शिल्लक ठेवलात का कुणी?"

फादरनी पास्कूला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि परात घेऊन त्याच्यापुढे गुडघे टेकले. बावतीसांनी आपल्या चकचकीत टाचा हळूच खुर्चीखाली ओढून घेतल्या.