हरलो म्हणणारा माणूस

एका राज्यात राजाच राजेपणाला कंटाळला. त्याने मुकुट खुंटीला टांगला, ‘यापुढे प्रजेनेच आपला राज्यकर्ता निवडावा’ अशी दवंडी पिटवली आणि तो वनात निघून गेला. राजाच्या जिवावर मिरवणारा मांत्रिक विकटनाथ यामुळे असा खवळला, की त्याने नदीकाठी उभं राहून शाप दिला: प्रजेची निवड खरी ठरेपर्यंत नदी दगड होऊन राहील. शाप देऊन तो हवेत विरला आणि नदी जागच्या जागी दगड झाली.

नदीच्या मधोमध त्या वेळी केरू नावाड्याची नाव होती. नाव दगडात रुतली आणि केरूचे पायही दगडाचे झाले. दर अमावास्येला सूर्य बुडाला की तो दगड चार बोटं वर चढे. त्याची बायको राही रोज दगडी लाटांवरून चालत जाई, त्याला भाकरी भरवी आणि नगरातली खबर सांगे. खबर ऐकून केरूचं डोकं दुखे.

दुखणारच. महिन्याभरात राज्यात एकेचाळीस पक्ष निघाले होते. पांढऱ्या पागोट्यांचा पक्ष निघाला, त्यातून खऱ्या पांढऱ्या पागोट्यांचा पक्ष फुटला, आणि दोघांवर रुसून मूळच्या पांढऱ्या पागोट्यांचा पक्ष वेगळा झाला. तिघांची वचनं एकच होती, लिहून देणारा लेखनिकही एकच. निवडीची रीत अशी, की प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या मडक्यात एक खडा टाकायचा. ज्याच्या मडक्यात जास्त खडे, त्याला सिंहासन. एकेचाळीस मडक्यांत खडे विखुरल्यावर शंभरातले पाच मिळाले तरी माणूस गादीवर बसे. बाकीचे पंचाण्णव कपाळाला हात लावून घरी जात. हरलेले चाळीसजण ‘आम्हीच जिंकलो’ म्हणून ओरडत, आणि जिंकलेला त्यांच्यातले हाती लागतील तेवढे तळघरात कोंडी. सातव्या महिन्यात सिंहासनच त्याला झटकून टाकी आणि कोंडलेले सुटत. असं दोनदा झालं. नदी तसूभरही हलली नाही, आणि दगड केरूच्या छातीशी आला.

तेव्हा राही मांत्रिकाच्या ओस मनोऱ्यावर चढली. तिथे एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता.

“पक्षीराज, शाप कशाने उतरेल?” तिने विचारलं.

“तीन गोष्टींनी,” धनेश म्हणाला. “जिवंत माणूस एकदाच असेल आणि मेलेलं एकही नसेल, अशी यादी आण. एका हाताचा एकच खडा घेईल, असं मडकं आण. आणि हरल्यावर ‘मी हरलो’ म्हणणारा माणूस आण. त्या वाक्यापुढे ‘पण’ आला, तर मोजणी फुकट.”

“तिसरं सोपं दिसतं,” राही म्हणाली. धनेशाने तिच्याकडे बघितलं आणि मान वळवली.

निवडीचं काम तिच्याच गळ्यात पडलं. कोणत्याही पक्षात नसलेलं माणूस हवं होतं, आणि सारं राज्य धुंडाळल्यावर तेवढी एक राहीच सापडली. नवऱ्याला भरवण्याच्या धबडग्यात तिला पक्षात जायला सवड झाली नव्हती.

पहिल्यांदा ती खडे टाकणाऱ्यांची जुनी यादी घेऊन स्मशानात गेली आणि तिने नावं पुकारली. दोन हजार आठशे जणांनी राखेतून ‘ओ’ दिली.

“आमचे खडे दोन्ही वेळा कोणी टाकले, तेवढं विचारा,” एक मेलेला म्हातारा म्हणाला. “जिवंतपणी एकाने विचारलं नाही, आता प्रत्येक पक्षाला आम्ही हवे.”

राहीने त्यांच्यासमोर बसून एकेक नाव खोडलं. खोडलं की तो मेलेला सुटकेचा श्वास टाकून आडवा होई.

मग ती वारुळातल्या नागाकडे गेली. नागाने माती दिली, त्या मातीची मडकी झाली, आणि प्रत्येक मडक्यात त्याचं एकेक पिल्लू राहायला आलं. पहिल्या खड्याला पिल्लू गप्प राही; एकाच मोजणीत त्याच हाताचा दुसरा खडा आला की डसे. विष नव्हतं, नुसती सूज येई. निवडीच्या दिवशी राज्यातले बरेच मोठे लोक हात उपरण्यात गुंडाळून हिंडत होते.

राहीने आणखी एक नेम केला. कोणालाच निम्म्याहून जास्त खडे नाहीत, तर पहिल्या दोघांचीच मडकी ठेवून पुन्हा खडे टाकायचे. लोक वैतागले. “पुन्हा रांग?” राही म्हणाली, “माझा नवरा दोन वर्षं उभा आहे. तुम्ही आणखी एक दिवस उभे राहा.” लोक मुकाट उभे राहिले.

दुसरी मोजणी नदीकाठीच, सिंहासन शेजारी मांडून झाली; तीत सेनापती शार्दूलसिंह अकरा खड्यांनी जिंकला आणि प्रधान मकरंद हरला. ती अमावास्या होती, सूर्य कलला होता, आणि दगड केरूच्या गळ्यापर्यंत आला होता.

“प्रधानजी, म्हणा,” राही म्हणाली.

“मी हरलो, पण नाग सेनापतीच्या बाजूचे होते.”

“पुन्हा म्हणा.”

“मी हरलो, पण खडे ओले होते.”

तिसऱ्यांदा त्याने लोकांना दोष दिला. राहीचा संयम सुटला. “प्रधानजी, सूर्य बुडाला की माझ्या नवऱ्याचं तोंड दगडाचं होईल. दोन शब्द आपल्याला एवढे काय जड जातात?”

मकरंद हळू आवाजात म्हणाला, “बाई, ‘हरलो’ म्हटल्यावर मी घरी जाईन की तळघरात, ते आधी सांगा.”

एवढ्या खटाटोपात हा प्रश्न राहीला सुचलाच नव्हता, आणि तिला स्वतःचाच राग आला. ती वळली. “सेनापती, तळघराची किल्ली द्या.”

“ती गादीवर बसेल त्याची असते,” शार्दूलसिंह म्हणाला.

“मग सिंहासन सातव्या महिन्यात आपल्यालाही झटकेल, आणि पुढचा जिंकणारा याच किल्लीने आपल्याला कोंडेल. किल्ली द्या. हरलेल्याला दरबारात आसन द्या, विचारेल ते विचारू द्या. पाच वर्षांनी पुन्हा मडकी मांडीन, असं सगळ्यांसमोर बोला.”

सेनापतीने कमरेची किल्ली चाचपली, सिंहासनाकडे पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला आणि किल्ली दिली. वचनही दिलं, अगदी तोंड वाकडं करून. लोहाराने तिथेच घण घालून किल्लीचे तुकडे केले.

मकरंदाने घसा खाकरला. “मी हरलो,” तो म्हणाला, आणि ओठ घट्ट मिटून उभा राहिला.

नदी वाहू लागली. केरूच्या गळ्याखालचा दगड ओघळून पाण्यात गेला. नाव त्याला घेऊन काठाला लागली, तशी राही त्याच्या गळ्यात पडून रडली.

“झालं एकदाचं?” त्याने विचारलं.

“झालं. पाच वर्षांनी पुन्हा आहे.”

“पुन्हा?” केरू म्हणाला आणि नावेतच बसला.

मकरंद काठावर घुटमळत होता. त्या राज्यात ‘हरलो’ म्हणून कोणी घरी कधी गेलंच नव्हतं, त्यामुळे कसं जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं गाव पलीकडे होतं. राहीने त्याला नावेत घेतलं आणि केरूच्या अंगात अजून त्राण नव्हतं म्हणून वल्हं स्वतः धरलं.

“हरलं कोण म्हणायचं?” केरूने त्या अनोळखी माणसाला विचारलं.

“मी,” मकरंद म्हणाला. या खेपेला त्याला ते तेवढं जड गेलं नाही.