कातारी आणि भवानीचा रुपया

फार पूर्वीची नव्हे, मंदी आली त्या सालची ही गोष्ट. एका गावाच्या पेठेत एक कातारी होता. यंत्रावर लाकूड धरून तो लाटणी, रव्या, भोवरे आणि तान्ह्या बाळांचे खुळखुळे करायचा. खुळखुळा गालावर फिरवला तर लोण्यासारखा लागावा, असा त्याचा हात. पण मंदीत नवं लाटणं कोण घेतो? जुनं चिरलं तरी बायका त्यालाच दोरा गुंडाळून पोळ्या लाटत होत्या.

कातारी सकाळी दुकानाच्या फळ्या काढायचा, उदबत्ती लावायचा आणि बसायचा. नुसतं बसूनही माणूस दमतो, हे त्याला त्या वर्षी कळलं. शेवटी त्याने भंगारवाल्याला निरोप धाडला, "पौर्णिमेच्या बाजाराला ये आणि यंत्र घेऊन जा."

समोरच्या कासारणीला ते कळलं. पेठेतलं तिला काय कळत नसे? पदराला हात पुसत ती आली.

"भावजी, यंत्र विकून दिवसभर काय करणार? माझ्या दुकानाकडे बघत बसणार?"

"आत्ता तरी दुसरं काय करतोय, वहिनी?"

कासारीण जावयाकडून फोनवर बांगड्या विकायला शिकली होती. तिने पांढऱ्या धोतरावर खुळखुळे मांडले, फोटो काढले आणि काताऱ्याच्या फोनवर दुकान थाटून दिलं. "मागणी आली की हा वाजेल. उचलायचं आणि पाठवतो म्हणायचं. एवढंच."

फोन वाजू लागला. कुणाला रवी हवी होती, कुणाला बारशासाठी खुळखुळा. पण दुकानातून एक काडी हलेना. कासारीण पुन्हा येऊन उभी राहिली.

"लोक मला विचारतात, तुमचा कातारी मुका आहे का?"

कातारी खाली बघत म्हणाला, "भवानी झाली नव्हती."

त्या पेठेची रीतच तशी होती. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, रोख व्हायची. ते पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचे आणि मगच पुढचा व्यवहार. तोवर गल्ल्यातून पैसाही बाहेर काढायचा नाही. चांगल्या दिवसांत उदबत्ती विझायच्या आत भवानी व्हायची. मंदीत दिवेलागणीपर्यंत कुणी फिरकत नसे आणि तोवर फोन आपला वाजून वाजून गप्प होई.

"फोनवरची भवानी चालत नाही होय? माझी तर रोज तशीच होते."

"फोनमधले पैसे कपाळाला कसे लावू, वहिनी? आजोबांपासून चालत आलंय."

कासारणीला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. तिने कनवटीचा रुपया काढला. "एक भोवरा द्या. भवानीला रुपया, हा आपला भाव ठरला."

मग ती रोज यायची. तिच्या दुकानात भोवऱ्यांचा ढीग झाला, काताऱ्याची पार्सलं मात्र जाऊ लागली. तरी भंगारवाल्याला 'येऊ नको' म्हणायचा धीर काही त्याला झाला नाही.

अशात कासारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि नेमका दुसऱ्याच दिवशी पौर्णिमेचा बाजार उजाडला. सकाळीच फोनवर निरोप आला. शहरातल्या मोठ्या दुकानाला गाडाभर खुळखुळे हवे होते. 'दुपारपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसरीकडे सांगतो.'

कातारी रस्त्याकडे बघत बसला. शेजारच्या पायरीवर शिंपी बसला होता. त्याचीही झबली-टोपडी कासारणीने फोनवर चढवली होती आणि त्याचाही फोन पालथा पडून वाजत होता.

"तुमचा वाजतोय," कातारी म्हणाला.

"वाजू दे. भवानी कुठे झालीय?"

"इकडे तरी कुठे."

एक गाय आली, दोघांकडे बघून निघून गेली. उन्हं पायरीवर आली. भंगारवाल्याच्या गाडीचा खडखडाट लांबून ऐकू यायला लागला.

कालचा रुपया गल्ल्यात होता. तो शिंप्याला दिला तर शिंप्याची भवानी होणार होती. पण स्वतःची झाली नसताना पैसा बाहेर काढायचा? भिंतीवरच्या तसबिरीत आजोबा बसले होते. त्यांच्याकडे न बघता काताऱ्याने गल्ला उघडला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

"शिंपीदादा, एक टोपडं द्या."

"तुमच्याकडे कुठलं बाळ?"

"कासारणीच्या नातवाला होईल. भवानीच्या भावात द्या, रुपयाला."

"अहो, पण तुमची भवानी..."

"नाही झाली. तुमची तरी होऊ दे."

शिंप्याने तो रुपया बराच वेळ मुठीत धरला. मग कपाळाला लावला, गल्ल्यात टाकला आणि पुन्हा काढून घेतला. तो खाली उतरला. "मला एक खुळखुळा द्या. हाही कासारणीच्याच नातवाला."

तोच रुपया काताऱ्याकडे परत आला. त्याने तो कपाळाला लावला आणि फोन उचलला. "हो. पाठवतो."

भंगारवाला दारात आला तेव्हा यंत्र घरघरत होतं. तो ऐकत उभा राहिला, मग पायरीवर टेकला. "म्हणजे हे नाही मिळायचं. सकाळपासून गाडी रिकामी फिरवतोय."

भंगारवाल्याची भवानी उलटी, गाडीत पहिला माल पडला की होते. काताऱ्याने कोपऱ्यातली मोडकी पटाशी आणि गंजलेल्या करवती उचलून त्याच्या गाडीत टाकल्या. "घ्या, झाली तुमचीही."

मंदी काही लगेच गेली नाही. पण त्या पेठेत आता सकाळी कुणी भवानीची वाट बघत बसत नाही. प्रत्येक जण आधी शेजाऱ्याची पायरी चढतो आणि मग सगळे आपापला फोन उघडतात. कासारीण परत आली ती नातीला घेऊन. टोपडं नातीलाही बसलं.

तात्पर्य: फोन दूरचं गिऱ्हाईक दारात आणून उभं करील, पण पडत्या काळात दार उघडायला शेजारी लागतो. दोघेही वाट बघत बसले असतील, तर एकाने आधी उठावं.