अळणी पंगत

एकदा एक देश होता आणि त्याच्या मधोमध एक नदी वाहत होती. काठावरची माणसं स्वतःला 'अलीकडचे' म्हणवत आणि समोरच्यांना 'पलीकडचे'. दोन्ही काठांवरची, बरं का! भांडायला माणसाला याहून मोठं कारण लागत नाही.

त्या देशात एक जुनी रीत होती. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पण एका उत्सवात जेवताना मीठ आधी कुणाला वाढायचं यावरून बोलाचाली झाली. एका काठाची माणसं भरल्या पानांवरून उठली आणि जाताना समोरच्यांची पानं लाथाडून गेली. तिथून यादवी पेटली. ती इतकी लांबली की शांतता हा शब्द मुलांना केवळ आजीच्या गोष्टीतून ठाऊक होता.

मग एक सेनापती आला. त्याने दोन्ही काठांना दरडावून पुन्हा एका पंगतीत बसवलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं कशाला बोला, त्यांच्या जागी आपणही टाकला असता. पण त्या पंगतीचा नियम असा की मान खाली घालून जेवायचं आणि शेवटी 'छान झालंय' म्हणायचं. 'माझं मीठ खाता, तर मिठाला जागा,' असं तो म्हणे. एकदा एका तरुणाच्या तोंडून सहज निघून गेलं, 'भात कच्चा राहिलाय.' शिपाई त्याला पंगतीतून घेऊन गेले. तो परत आला नाही.

आपल्या गोष्टीतला शिष्य हा त्या तरुणाचा धाकटा भाऊ.

पुढे लोकांचा धीर चेपला. ते घराबाहेर पडले आणि रस्त्यांत बसून राहिले. स्वतःच्या आईबापांवर बंदूक उगारायला शिपाई तयार होईनात, तेव्हा सेनापती एका पहाटे देश सोडून निघून गेला. दोन्ही काठांनी आपापली माणसं निवडून सभा भरवली. केवढा आनंद! गल्लीगल्लीत साखर वाटली लोकांनी.

पण सभेपुढे पहिलाच विषय आला तो नदीवर पूल कुठे बांधायचा याचा, आणि एकच गलका उडाला. प्रत्येकाला पूल आपल्या दारात हवा होता. दिवसामागून दिवस गेले, आवाज चढत गेले. शेवटी काही वडीलधारी माणसं एका वृद्ध ज्ञानी पुरुषाकडे आली. त्याला दोन्ही काठ गुरुजी म्हणत.

"गुरुजी, तुम्हीच गादीवर बसा," ती म्हणाली. "तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. नाहीतर पुन्हा रक्त सांडेल."

गुरुजींच्या शिष्याने तर पायच धरले. "हो म्हणा, गुरुजी. सभेतला आरडाओरडा ऐकला की मला घराची कडी लावावीशी वाटते. तुम्ही थोडेच त्या सेनापतीसारखे आहात?"

गुरुजींनी त्याला उठवून जवळ बसवलं. मग म्हणाले, "उद्या सगळ्या सभेला माझ्याकडे जेवायला बोलवा. काय ते जेवणानंतर सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजी चुलीपुढे बसले. त्यांना ज्ञान पुष्कळ होतं, स्वयंपाक मात्र बेताचाच येई. शिष्य पाहतो तो काय, आमटी उकळतेय, भाजी शिजतेय आणि गुरुजी मिठाची बरणी आपल्या झोळीत घालताहेत.

"गुरुजी, मीठ राहिलं."

"राहू दे. आणि पानावर डाव्या कोपऱ्यात आधी मीठ वाढतात ना, तेही आज वाढू नकोस."

शिष्याला काही उमजेना. पण गुरूची आज्ञा, करतो काय!

पानं मांडली, पंगत बसली. पहिला घास घेतला आणि सगळ्यांचे चेहरे क्षणभर उतरले. मग एकेक मान खाली गेली. गुरुजी पंगतीतून फिरत विचारू लागले, "कसं झालंय?"

"छान झालंय," पहिला म्हणाला. "उत्तम," दुसरा म्हणाला. सभेत ओरडून छपराची कौलं उडवणारा एक गृहस्थ तर म्हणाला, "अमृत आहे, गुरुजी." गुरुजींचा चेहरा पडत चालला. इतकं उदास झालेलं त्यांना शिष्याने कधी पाहिलं नव्हतं.

पंगतीच्या टोकाला डोंगरातल्या वाडीतून निवडून आलेली सगुणाक्का बसली होती. तिने आमटी भुरकली आणि वाटी खाली ठेवली.

"गुरुजी, रागवू नका, पण हे अळणी आहे. मीठ आणा."

सगळे हात घासावरच थांबले. नजरा दाराकडे गेल्या, सेनापतीच्या पंगतीत जिथे शिपाई उभे असत तिकडे. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "अक्का, खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

"जागते की," सगुणाक्का म्हणाली, "आधी त्यात असू तर दे!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी पंगत हसत सुटली. गुरुजी लहान मुलासारखे धावत तिच्या पानाशी गेले आणि झोळीतून बरणी काढून त्यांनी मीठ वाढलं. झालं! जो तो बोलू लागला. इकडेही आणा. माझ्या पानावर जास्त पडलं. चिंच कमी आहे. चिंच कसली घालता, आमसूल घालावं. चिंचवाले एका काठाचे आणि आमसूलवाले दुसऱ्या काठाचे अशी जुंपली, की एक तापट गडी "हा मी उठलोच!" म्हणत अर्धा उभा राहिला.

शेजारच्या आमसूलवाल्याने त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं. "बस रे. अजून ताक यायचंय."

गडी बसला, आणि चिंचेची बाजू बसल्याबसल्या मांडू लागला.

गुरुजींनी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे आनंदाने भरून आले होते. "पाहिलंस? आपण एकदा मिठासाठी पंगत मोडली. मग पंगत टिकावी म्हणून वर्षानुवर्षं अळणी गिळलं. पानावरून न उठता मीठ मागणं आपल्याला आज प्रथम साधलं. आवाजाला घाबरू नकोस, बाळा. कुणी उठून जात नाही ना, तेवढं पाहा."

"आणि गादी?"

"गादीवर बसायचं तर मलाच या पंगतीतून उठावं लागेल. माझ्या अळणी आमटीला उद्या सगळे अमृतच म्हणतील. चल, बस जेवायला."

शिष्य सगुणाक्काशेजारी बसला. पूल कुठे व्हावा यावर आता अख्खी पंगत भांडत होती, वर पोळीही मागून घेत होती. त्याने भात कालवला, पहिला घास घेतला आणि तो थबकला. कितीतरी वर्षं गळ्यात अडकून राहिलेले शब्द ओठांशी आले. त्याने मान वर केली.

"गुरुजी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भात कच्चा राहिलाय."

"राहिलाय खरा," गुरुजी म्हणाले आणि त्याच्या पानावर आणखी थोडी आमटी वाढू लागले.