सड्यावरच्या चाळीस झोपड्या

कोकणात एक होता राजा, त्याच्याच मुलखात कुंभवड्याला होता धाकू कुंभार, आणि धाकूची एक होती लेक, आवडी.

राजाला शिकारीला रान हवं झालं. त्याने आजोबांच्या वेळचा नकाशा उलगडला. कुंभवड्याच्या जागी नुसता हिरवा रंग! त्याने धाकूला दरबारात बोलावलं.

"आजोबांचा हुकूम होता, चूल पेटलेली दिसेल तिथंच नकाशात गाव काढा. तुमचं गाव नाही, म्हणजे नव्हतंच. आठ दिवसांत उठा!"

"महाराज, सात पिढ्या नांदल्या हो इथं!" धाकू म्हणाला.

"मग याच नकाशात दाखव. नवा ठिपका काढायचा नाही!"

धाकू घरी येऊन मडकी गवतात बांधायला लागला. आवडी म्हणाली, "बाबा, जरा थांबा," आणि दरबारात गेली.

तिथं नकाशा पसरलेलाच होता. तिला अक्षर येत नव्हतं. पण नदी काय, नदीसारखीच दिसते. तिचं बोट नदीवरून वर गेलं ते सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर थांबलं. तिथं झोपड्या काढलेल्या.

"हे कुठलं गाव?"

"सडेगाव. चाळीस झोपड्या," कारभारी म्हणाले. "फार शांत वस्ती. दर वर्षी आमचा माणूस दवंडी पिटून येतो. आजवर कुणी उलटून बोललेलं नाही."

"माणसं दिसतात?"

"नाही. कामाला जात असतील."

"आणि खाली हिरव्यात हे तीन गोल?"

"विहिरी. बांधीव."

आवडीने पदर खोचला. "महाराज, दर तीन वर्षांनी आमचा देव कौल देतो, आणि अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं. तीन दिवस घरात चूल पेटत नाही. सड्यावर झोपड्या घालून राहतो, चुली तिथंच पेटवतो, पाणी खालून नेतो. तुमच्या आजोबांची माणसं नेमकी तेव्हाच आली!"

"कशावरून?"

"खाली विहिरी आहेत नि माणूस नाही. वर माणसं आहेत नि विहीर नाही. आता तुम्हीच जुळवा!"

राजा विहिरींवरून झोपड्यांवर बोट फिरवू लागला. मग कारभाऱ्यांकडे वळला. "म्हणजे इतकी वर्षं दवंडी..."

"कातळाने ऐकली, महाराज," आवडी म्हणाली. "मन लावून ऐकली."

राजा इतका हसला, इतका हसला, की पगडी कारभाऱ्यांना सावरावी लागली. शिकारीचा बेत मोडला. धाकूला नदीकाठची चिकणमातीची जमीन इनाम मिळाली, आवडीला सोन्याच्या पाटल्या. पुढे नवा नकाशा करायला माणसं निघाली, ती आधी धाकूच्या ओसरीवर आली आणि आवडीला विचारून मगच कामाला लागली.